घरून साड्यांचे फोटो काढायला पाच हजारांच्या आत डेलाइटचा कोणता कंटिन्युअस (फ्लॅशसारखा नाही, सतत चालू राहणारा) लाइट घ्यावा? नागपुरात कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की इतवारीतून साड्या आणून घरूनच विकता, खिडकीचा उजेड पुरत नाही आणि दुकानदार "100 वॉटचा घेऊन टाका" म्हणतो. वॉट विसरा. साडी वॉटमुळे परत येत नाही, रंगामुळे परत येते.

डेलाइट म्हणजे 5500-5600 केल्विन (उजेड पिवळट की निळसर याचं माप) हे तुम्हाला माहीत असेलच. घरातली "कूल डेलाइट" ट्यूब 6500 ची असते, जरा निळी. तेवढं व्हाइट बॅलन्सने, म्हणजे कॅमेऱ्यात पांढरा रंग पांढरा दिसेल असा जुळवला की, निघून जातं. जे कशानेच निघत नाही, त्यावरून आमच्या घरात अजूनही वाद आहे, म्हणून एवढं लिहायला बसले.

महालात आमचा स्टुडिओ आहे. लग्नाची कामं माझे भासरे (थोरले दीर) बघतात, गांधीबागच्या व्यापाऱ्यांचे साड्यांचे फोटो मी काढते. एका व्यापाऱ्याने करवतकाठी दिल्या होत्या. टसरचं अंग मधासारखं, काठ गडद लाल, त्यावर करवतीचे दाते. फोटोत टसर बरा आला आणि काठ विटकरी. गिऱ्हाइकांनी साड्या परत पाठवायला सुरुवात केली. फोटोत विटकरी बघून मागवलेली साडी हातात लाल आली, तर कोण ठेवून घेईल? व्यापाऱ्याचा फोन आला, "ताई, काहून साड्या परत येऊन राहिल्या?"

भासरे मला थेट बोलत नाहीत, ह्यांच्याकडून निरोप येतो. निरोप आला, "तिला सांग, कॅमेरा जुना झाला. लाइट तर डेलाइटच आहे, डब्यावर लिहिलं आहे." लाइट म्हणजे त्यांनीच आणलेलं एलईडी पॅनल, भरपूर वॉटचं, डोळे दिपतील असं. त्यावर सीआरआयचा आकडा, म्हणजे त्या लाइटखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा, कुठेच नव्हता.

मी साडी उचलली आणि बाहेर ओट्यावर नेली. गांधीबागेत कोणतीही जाणती बाई हेच करते, ट्यूबखाली साडी पसंत करत नाही, "उजेडात दाखवा" म्हणते. कॅमेरा घेतलाच नाही, मोबाइलने एक फोटो बाहेर काढला आणि एक पॅनलखाली. बाहेर काठ लाल, आत विटकरी. मोबाइल तोच, साडी तीच, बदलला फक्त लाइट.

कारण सरळ आहे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्याच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन तो पांढरा दिसेल असा करतात. स्वस्त लाइटमध्ये गडद लाल जवळपास नसतोच. लाइटमध्ये जे नाही ते कापड कुठून परत पाठवणार? आता सीआरआय. तो आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो. गडद लाल नववा, त्याला आर9 म्हणतात, आणि तो त्या सरासरीत धरतच नाहीत. म्हणून डब्यावर सीआरआय 80 असला तरी आर9 शून्याच्या आसपास असू शकतो. आपल्याकडच्या कितीतरी साड्यांचा काठ लाल, मरून नाहीतर डाळिंबी असतो. म्हणजे नेमका आपल्या कामाचा रंग मोजायचा राहून जातो.

यावर दुसरा निरोप आला, "व्हाइट बॅलन्स नीट कर म्हणा." केला. काठ लाल होईपर्यंत ओढला की टसर नारिंगी होतो, टसर जागेवर आणला की काठ पुन्हा विटकरी. नसलेला रंग सॉफ्टवेअरमधून आणता येत नाही. तरी नवा कॅमेरा आलाच. जुन्या पॅनलखाली त्यानेही काठ विटकरीच दिला. मी माझ्या पैशाने सीआरआय 90 च्या वरच्या ट्यूब मागवल्या, लाकडी चौकटीत बसवल्या, पुढे पांढरी मलमल ताणली आणि तीच साडी जुन्या कॅमेऱ्याने काढली. काठ लाल आला. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून दाखवले. त्यानंतर रंगाची तक्रार घेऊन त्या व्यापाऱ्याचा फोन आला नाही. भासरे आजही नातेवाइकांत सांगतात की नवा कॅमेरा घेतला आणि साड्यांचे फोटो सुधारले. ते खरं नाही.

तर तुमचं. ट्यूबवर किंवा बल्बवर तीन आकड्यांचा कोड असतो का बघा. 865 असेल तर सीआरआय ऐंशीच्या घरातला आणि 6500 केल्विन. तुम्हाला नऊने सुरू होणारा हवा, 950 किंवा 965. आर9 लिहिलेला असेल तर निदान 50 हवा. असे दोन-चार बल्ब किंवा ट्यूब, मलमल आणि एक ट्रायपॉड, हे पाच हजारांत बसवता येईल. सॉफ्टबॉक्सचा (बल्बपुढे पांढरं कापड लावलेल्या पेटीचा) स्वस्त सेट घेतलात तर त्याचा होल्डर चुडीचा असतो आणि आपले घरचे बल्ब पिनेचे, हे घेतानाच बघून घ्या. सेटसोबत येणाऱ्या बल्बवर मात्र भरवसा ठेवू नका.

साडी हलत नाही, त्यामुळे ट्रायपॉडवर आयएसओ 100 ठेवून पाव सेकंदाचा शटर दिला तरी चालतो, तेवढ्या वेळात कमी उजेडही पुरतो. मग 100 वॉट कशाला हवेत? चौकट मोठी करा आणि साडीच्या जवळ आणा. लाइट समोरून नको, बाजूने तिरपा पडू द्या, तेव्हाच विणीचं पोत दिसतं आणि जरीचे धागे उठून येतात. रिंग लाइटने साडी छापील कागदासारखी सपाट दिसते, तो घेऊच नका. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करा. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा आणि भिंत गुलाबी किंवा हिरवी असेल तर तिच्यावर चादर टाका, नाहीतर भिंतीचा रंग साडीवर चढतो.

खिडकीच्या उजेडासारखा उजेड नाही, हे मीही मानते. पण नागपुरात उन्हाळ्यात खिडकीत कूलर बसतो आणि पावसाळ्यात दुपारीच अंधारून येतं. खिडकीच्या भरवशावर धंदा होत नाही.

बल्ब स्वस्त असेल तर फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. आपली वीज 50 हर्ट्झची, असा बल्ब सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. वर सांगितलेल्या पाव सेकंदाच्या शटरला ही अडचण नाही, पण शटर त्याहून जलद हवा असेल तर 1/50 किंवा 1/100 ठेवा. साडी नेसून रील करायचे असतील तर माझं वरचं सगळं पुरणार नाही, तिथे ताकद लागते. गोडॉक्सचा एसएल60डब्ल्यू 5600 केल्विनचा आहे, रंग चांगले देतो, पण स्टँड आणि सॉफ्टबॉक्ससकट तुमच्या पैशात बसवणं कठीण आहे. शिवाय त्याला पंखा आहे, आवाज रेकॉर्ड करणार असाल तर तो ऐकू येतो. आणि लग्नाच्या कामात फ्लॅशच हवा, त्याबाबत भासऱ्यांशी माझा वाद नाही.

कुठे मिळेल म्हणाल तर सीआरआय नव्वदच्या वरचे बल्ब दुकानात पटकन दिसत नाहीत, मला मागवावेच लागले. बर्डीवर जाऊन बघायचं असेल तर लाल काठाची साडी सोबत न्या. बल्ब लावायला सांगा, मोबाइलने एक फोटो तिथे काढा, एक बाहेर रस्त्यावर सावलीत. काठ जुळला तर घ्या. दुकानदार वॉट सांगायला लागला तर आर9 विचारा. आणि घरात कोणी आधी कॅमेरा बदला म्हणालं, तर ते दोन फोटो त्यांच्यासमोर ठेवा.