आश्रयासाठी अर्ज केलेला माणूस बाप्तिस्मा मागतोय. त्याची श्रद्धा खरी की कागदांपुरती, हे पाळकाने कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या मंडळीत असा एक जण येऊ लागलाय, आणि अर्ज मंजूर व्हावा म्हणून त्याची ही सगळी खटपट चाललीय अशी कुजबुज आहे. मी पाळक आहे. आश्रय मागणारी माणसं आमच्याकडे बरीच वर्षं येतायत. सरळ सांगतो, ओळखता येत नाही. ‘मला चेहऱ्यावरून कळतं’ म्हणणारा पाळक भेटला तर त्याच्यापासून जरा जपूनच राहा.

पण मुळात ते ओळखायची गरज कुठे पडते, हे आधी बघा. जेवू घालायला, अंथरूण द्यायला, वकिलाकडे सोबत जायला ती पडत नाही. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात न्याय करणारा राजा परक्याला घरात घेतलं की नाही एवढंच बघतो. त्या परक्याची हकिगत जुळत होती का, हा प्रश्न तिथे निघतच नाही. बायबलच्याच लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात परदेशी माणसाला आपल्यातल्यासारखंच वागवा म्हटलंय आणि कारणही दिलंय: तुम्ही स्वतः मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, परके होता. पुढे त्याच मिसरात योसेफ आणि मरीया हेरोद राजाच्या भीतीने बाळ येशूला घेऊन पळाले. (नाताळच्या नाटकांत हा प्रवेश बहुतेक गाळलेला असतो. मागी लोकांनी, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी माणसांनी, बाळाला भेटी दिल्या की पडदा.)

म्हणून आमच्याकडे मदतीचा उपासनेशी संबंध ठेवलेला नाही. माणूस मुसलमान असेल आणि तसाच राहणार असेल, तरी ताटात फरक पडत नाही. यात उदारपणाइतकाच व्यवहारही आहे. रविवारच्या हजेरीवर मदत मिळते असं एकदा दिसलं, की खोटं बोलायला आपणच शिकवलं म्हणायचं.

बाप्तिस्म्याचं वेगळं. तिथे घाई करू नका. इतरांना जी शिकवणी देता तीच त्याला द्या, तितकेच महिने. हेतूंचं म्हणाल, तर लग्न ठरलं म्हणून बाप्तिस्मा घेणारे मी पाहिलेत, आजीला बरं वाटावं म्हणून बाळाला आणणारेही पाहिलेत. त्यांच्यासाठी चौकशी समिती नेमल्याचं मला आठवत नाही. माणसाच्या मनात दोन-तीन हेतू एकदम नांदतात, आणि निमित्ताने आलेला पुढे खरोखर टिकतो असंही होतं.

एक गोष्ट मात्र त्याला एकट्याला बसवून स्पष्ट सांगा. इराण, अफगाणिस्तानसारख्या देशांत इस्लाम सोडणाऱ्याला मृत्युदंडही होऊ शकतो. अर्ज फेटाळला जाऊन परत जावं लागलं, तर हाच बाप्तिस्मा त्याच्या जिवावर बेतेल. घरी राहिलेल्या माणसांनाही त्रास होऊ शकतो. त्यामुळे बाप्तिस्म्याचे फोटो फेसबुकवर टाकू नका, मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरसुद्धा नकोत. हौशी सभासदांना हे दोनदा बजावावं लागतं.

खरी कसोटी लागते ती पत्र लिहिताना. ‘पाळकसाहेब, माझ्यासाठी दोन ओळी लिहा’ अशी विनंती येतेच. मी पाहिलं तेवढंच लिहितो: कधीपासून येतो, किती नियमित येतो, शिकवणीत कोणते प्रश्न विचारले, स्वयंपाकघरात हात लावतो की नाही. ‘हा सच्चा ख्रिस्ती आहे’ हे वाक्य मी लिहीत नाही, तेवढं मला दिसत नाही. कळवळ्यापोटी एकाच्या पत्रात रंग भरला, तर पुढच्याच्या खऱ्या पत्राला किंमत उरणार नाही.

आश्रयाच्या अर्जासाठी सरकारी अधिकारी मुलाखत घेतात, तिथले प्रश्नही कधी कधी अजब असतात. बारा शिष्यांची नावं सांगा म्हणे! आमच्या जुन्याजाणत्या सभासदांची सातव्या नावाला गाडी अडेल. एक जण प्लास्टिकच्या फाइलमध्ये प्रत्येक सरकारी पत्र पाकिटासकट जपून ठेवायचा. सगळीकडे जन्मतारीख १ जानेवारी. कुणालाही बनावट वाटावी अशीच. पण जिथे जन्माची नोंदच होत नाही तिथल्या माणसांच्या कागदांवर ही तारीख सर्रास पडते. इथिओपियाच्या कालगणनेत तर तेरा महिने असतात आणि सालही आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे असतं. तारखा जुळल्या नाहीत म्हणजे माणूस खोटारडा, असं धरून चालू नका.

कायद्याबद्दल माझी तक्रार नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक करारात छळाची पाच कारणं धरली आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत. नुसती गरिबी त्यात बसत नाही, त्यामुळे काही अर्ज नियमानेच फेटाळले जातात आणि ते मला मान्य करावं लागतं. पण छळ होईल तिथे माणसाला परत पाठवू नये, हेही त्याच करारात आहे, आणि तिथे शंका असेल तर मंडळीने अडून बसावं असं माझं मत आहे. नेदरलँड्समध्ये उपासना चालू असताना पोलिसांना चर्चमध्ये शिरता येत नाही. म्हणून हेगच्या बेथेल चर्चने एका आर्मेनियन कुटुंबासाठी २६ ऑक्टोबर २०१८ पासून रात्रंदिवस उपासना चालू ठेवली. देशभरातून पाळक येऊन पाळीपाळीने उभे राहिले. ९६ दिवसांनी, ३० जानेवारी २०१९ ला ती थांबली, कारण मुलं असलेल्या अशा कुटुंबांच्या प्रकरणांचा फेरविचार करायला सरकार तयार झालं होतं. यात लपवाछपवी काहीच नव्हती. कुटुंब कुठे आहे हे सगळ्या जगाला माहीत होतं.

तुमच्या कुजबुजणाऱ्या सभासदांना उपदेशातून टोमणे मारू नका, त्याने ते जास्तच चिडतील. त्यांच्यातल्या एकाला पुढच्या खेपेस त्या माणसाबरोबर वकिलाकडे पाठवा. दुभाषी उशिरा येतो, बाकावर तासन्‌तास बसावं लागतं, आणि तेवढा वेळ गप्प बसून राहणं कुणालाच जमत नाही.