'द रेव्हेनंट' थिएटरमध्ये पाहिलेल्यांना त्यात एवढं काय दिसलं?

तुम्ही लिहिलंय की सिनेमा मोबाइलवर दोन बैठकांत पाहिला, अस्वलाचा प्रसंग सोडला तर नुसता बर्फ आणि विव्हळणं वाटलं, आणि मग थिएटरमध्ये पाहून आलेले लोक इतके हलले कशाने, हा प्रश्न पडला. मी त्या हललेल्यांपैकीच एक आहे, म्हणून लिहिते.

पुण्यात पाहिला, २०१६च्या मार्चमध्ये. नायकाचं काम करणाऱ्या डिकॅप्रिओला याच सिनेमासाठी ऑस्कर मिळून आठवडा झाला होता, त्यामुळे हॉल भरलेला होता. बाहेर उन्हाळा सुरू झालेला आणि आत पहिल्याच दृश्यात झाडांच्या मुळांतून वाहणारं गार पाणी, त्यातून बंदुका सावरत जाणारी माणसं. मग कुठूनसा एक बाण येतो. तो कुणी सोडला हे आपल्याला कळत नाही, कारण तिथल्या माणसांनाही कळलेलं नसतं. बाण, आरोळ्या, घोडे आपल्या मागून आणि बाजूने ऐकू येतात. फोनच्या स्पीकरमधून हे सगळं एकाच भोकातून येतं. तिथेच अर्धा सिनेमा गळून पडतो.

उरलेला अर्धा भिंगामुळे गळतो. छायाचित्रकार इमॅन्युएल लुबेझ्कीने रुंद भिंग माणसाच्या तोंडाजवळ नेलंय, इतकं जवळ की काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरते, आणि त्याच चौकटीत मागे अख्खा डोंगर दिसतो. मोठ्या पडद्यावर डोळा चेहऱ्यावरून डोंगराकडे जातो, परत येतो, आणि एवढ्याशा माणसाला हे पार करायचंय हे सांगावं लागत नाही. मोबाइलवर डोंगर म्हणजे नुसती पार्श्वभूमी होते. प्रकाशही जवळजवळ सगळा सूर्याचा आणि शेकोटीचा आहे. त्यासाठी दिवसातले मोजके तासच चित्रीकरण व्हायचं. कॅनडात बर्फ वितळला तेव्हा सगळा ताफा अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला गेला. हा खटाटोप पडद्यावर दिसतो, खोटं वाटत नाही.

अस्वलाचा प्रसंग तुम्हालाही आवडलाय, त्यावर फार लिहीत नाही. एवढंच सांगते, की अस्वल सोडून जातं आणि परत येतं, तेव्हा शेजारच्या अनोळखी काकांनी खुर्चीचा मधला हात माझ्या हातासकट आवळून धरला होता.

पण मला हलवलं ते त्यानंतरच्या भागाने. ह्यू ग्लास, म्हणजे डिकॅप्रिओने केलेला शिकारी, अस्वलाने फाडल्यावर पडून आहे, जगेल असं कुणाला वाटत नाही, त्याच्या शिकाऱ्यांच्या टोळीला पुढे निघायचंय. कप्तान जादा पैसे देऊ करतो आणि काही जण मागे थांबतात. त्यातला एक कोवळा पोरगा आहे, ब्रिजर. थांबलेल्यांना वाट पाहायची आहे ती फक्त एका माणसाच्या मरणाची.

इथे मला माझंच सांगायला हवं. बऱ्याच वर्षांपूर्वी पावसाळ्यातल्या एका ट्रेकला आमच्यातल्या एकाचा पाय ओल्या कातळावरून सटकला आणि नडगीचं हाड मोडलं. बाकीचे गावातून माणसं आणायला खाली उतरले. आम्ही दोघी त्याच्याजवळ थांबलो. सहा-सात तास. धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं, तो कण्हत होता, आणि एका क्षणी मनात स्वच्छ विचार आला की मीही खाली गेले असते तर बरं झालं असतं. संध्याकाळी गावकरी घोंगडी आणि दोन बांबू घेऊन आले, झोळी केली, त्याला उतरवलं. तो आता ठणठणीत आहे. तो विचार मात्र मी कुणाला बोलले नव्हते. थिएटरमध्ये ब्रिजरच्या चेहऱ्यावर मला तो दिसला. त्या पोराला निघायचंही आहे आणि निघायची लाजही वाटतेय. त्या दोन्ही गोष्टी त्या नटाच्या डोळ्यांत एकाच वेळी आहेत. माझ्या मते सगळ्या सिनेमातला सर्वात खरा भाग हाच.

घरी आल्यावर खऱ्या ह्यू ग्लासबद्दल मिळेल ते वाचलं. १८२२ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या अ‍ॅशली आणि हेन्री या दोघांनी मिसूरी नदीच्या वरच्या अंगाला बीव्हर (नदीकाठी राहणारा दाट लवेचा प्राणी) पकडण्यासाठी माणसं गोळा केली. बीव्हरच्या मऊ लवेपासून टोप्यांचं फेल्ट, म्हणजे दाबून केलेलं जाड कापड, बनायचं आणि त्या टोप्यांना युरोपात मोठी मागणी होती. ग्लास पुढच्या वर्षी त्यांच्यात आला. अस्वलाने त्याला फाडलं ते १८२३च्या ऑगस्टमध्ये, आजच्या साउथ डकोटात, ग्रँड नदीजवळ. म्हणजे उन्हाळ्यात, गवताळ माळरानावर. बर्फाचे कडे सिनेमाचे. त्याच्याजवळ थांबलेले फिट्झजेराल्ड आणि एक पोरगा (तो ब्रिजरच, असं बहुतेक मानतात) ग्लासची बंदूक घेऊन निघून गेले. ग्लास सरपटत, मग लंगडत, मुळं आणि फळं खात सुमारे ३२० किलोमीटरवरच्या फोर्ट कायोवा या व्यापारी ठाण्याला पोहोचला. पण ज्या पोटच्या मुलाच्या खुनासाठी सिनेमातला ग्लास पेटून उठतो, त्या मुलाची इतिहासात नोंद नाही. सूडही झाला नाही. पोरगा सापडला तेव्हा ग्लासने त्याला वय पाहून माफ केलं आणि फिट्झजेराल्ड तोवर सैन्यात भरती झालेला होता, त्याच्याकडून आपली बंदूक तेवढी परत घेतली, असं सांगितलं जातं.

म्हणून सिनेमातली फिट्झजेराल्डबरोबरची शेवटची मारामारी मला खटकते. इतका वेळ हा माणूस थंडीशी, भुकेशी, स्वतःच्या सडत्या जखमांशी झुंजतोय, मेलेल्या घोड्याच्या पोटात शिरून रात्र काढतोय, आणि शेवटी त्याला ओळखीच्या सूडकथेत कोंबलंय. माफ करून बंदूक मागणारा ग्लास पडद्यावर यायला हवा होता. तो जास्त अवघड माणूस आहे.

ग्लासच्या हातचं म्हणून एकच पत्र उरलंय. अस्वलाच्या दोन महिने आधी, २ जूनच्या पहाटे, तिथल्या मूळ रहिवासी अरिकारा लोकांनी या टोळीवर हल्ला केला. त्यात गार्डनर नावाचा तरुण गोळी लागून गेला. मरताना त्याने ग्लासला सांगितलं की घरी कळवा. ग्लासच्या स्वतःच्या पायात गोळी होती, तरी त्याने त्या मुलाच्या वडिलांना पत्र लिहून कळवलं. मरणाऱ्याजवळ थांबून त्याचा शब्द पाळणारा माणूस, आणि त्याच उन्हाळ्यात त्याच्याजवळ थांबायला नेमलेले दोघे उठून जातात. हे वाचल्यापासून ब्रिजरचा चेहरा मला आणखी जड वाटतो.

परत पाहणार असाल तर एखाद्या मित्राकडचा मोठा टीव्ही गाठा, दिवे बंद करा, आवाज चांगला ठेवा आणि सलग २ तास ३६ मिनिटं काढा. थिएटरातही मध्यंतराने तंद्री मोडली होती, तेवढं तरी घरी टळेल. आणि अस्वल निघून गेल्यावर ती माणसं ग्लासजवळ बसून राहतात, तो भाग पुढे पळवू नका.