मुलाच्या बॅगेत तंबाखूची पुडी सापडली. त्याला कॉलेजातून काढून घरी आणावे का?

रत्नागिरीत पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाच्या बॅगेत तंबाखू आणि चुन्याची डबी सापडल्याचे आपण लिहिले आहे. कृपया त्याचे शिक्षण थांबवू नका. मी अनेक वर्षे वसतिगृहाचे काम पाहिले आहे. रात्री व्हरांड्यात तळहातावर अंगठ्याने तंबाखू मळून चिमूट दाढेखाली ठेवणारी बहुतेक मुले पहिल्या वर्षी, जागरणासाठी आणि मित्रांच्या आग्रहामुळे सुरुवात करतात, आणि पुढे निकोटिनची सवय त्यांना सुटू देत नाही.

त्याला ओरडण्याऐवजी दिवसातून किती वेळा लागते आणि उठल्याबरोबर लागते का, हे शांतपणे विचारा. सकाळी उठताच लागत असेल तर अवलंबित्व वाढलेले आहे. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस चिडचिड, डोकेदुखी आणि झोप न लागणे हे सर्वाधिक जाणवते, काही आठवड्यांत ओसरते. नेमक्या त्याच दिवसांत त्याला माणसांची गरज असते, म्हणून शक्य असल्यास सुरुवात घरी, सुट्टीत करावी. गालाच्या आत पांढरा चट्टा असेल किंवा तोंड पूर्ण उघडत नसेल, तर दंतवैद्याला लगेच दाखवा. १८००११२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी मोफत समुपदेशन मिळते.

दारूविषयीही त्याच बैठकीत विचारा. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे वयाची अट आहे, शेजारच्या गोव्यात मात्र ती १८ आहे, आणि कोकणातल्या मुलांना ती सीमा दूर नाही.