‘पैसे पुरत नाहीत, हे मुलांना कसं सांगू?’

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, पण सुरुवातीलाच तो कुणी विचारत नाही. ७४ वर्षांचे एक काका झोप लागत नाही म्हणून आले होते. दुसऱ्या भेटीत त्यांनी हिशेबाची वही काढली. नेटके रकाने, पण औषधांचा आकडा तीन महिन्यांपासून निम्मा.

“डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या?”

“नाही. मी एक दिवसाआड घेतो.”

रक्तदाबाच्या गोळ्या! वही मिटवून मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. तोच घटक असलेली स्वस्त जेनेरिक गोळी चालेल का, एवढं विचारलं तरी बराच भार हलका होतो.

“उधळपट्टी कधी केली नाही, मग चुकलं कुठे?” काकांना हेच खात होतं. ठेवीचं व्याज ठरलेलं असतं, खर्च मात्र वाढत जातो. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तरी १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो. त्यांना निवृत्त होऊन १४ वर्षं झाली होती. “म्हणजे माझा हिशेब चुकला नव्हता?” त्यांनी दोनदा विचारलं.

“मग मुलाला सांगा.”

“मागायचं नाहीच.”

हा ‘च’ मी सोडत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५मध्ये मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर माझी सारी भिस्त आहे. मागावं लागू नये ही इच्छा झाली. मागायचं नाहीच हा हट्ट, आणि झोप उडवतो तो हट्ट. पण हे मी त्यांना समजावत बसले नाही. त्यांच्या वडिलांबद्दल विचारलं.

“त्यांनी कर्ज लपवलं होतं. गेल्यावर कळलं.”

“तेव्हा काय वाटलं?”

“राग आला. माझ्यावर एवढाही विश्वास नव्हता?”

मग ते कितीतरी वेळ वहीवर हात ठेवून बसून राहिले. मीही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला बऱ्याच वर्षांनी जमलंय.

मुलांशी बोलताना ‘जमेल तेवढं दे’ म्हणू नका, दोघेही अवघडता. विजेचं बिल किंवा विम्याचा हप्ता, असा एक ठरावीक खर्च त्यांच्याकडे सोपवा. अडीअडचणीला अख्खी ठेव मोडण्याआधी तिच्यावर कर्ज मिळतं का, बँकेत विचारा. मात्र त्याचं व्याज ठेवीच्या व्याजाहून जास्त असतं, तेव्हा ते थोड्या दिवसांपुरतंच. मूल नसेल तर एखादी खोली भाड्याने देणं, झेपेल तेवढं काम करणं, यातही कमीपणा नाही. आणि मदतीच्या बदल्यात घर नावावर करून द्यायची घाई मुळीच नको.

पाचव्या भेटीला काका रिकाम्या हाताने आले. “वही मुलाकडे आहे,” म्हणाले. “गोळ्या रोज घेतोय.”