अकाउंटंट हवा आहे की जादूगार?

अरे, काल तुझी जाहिरात कुणीतरी आमच्या वर्कशॉपवाल्यांच्या ग्रुपवर टाकली, वाचली आणि खरं सांगू का, आधी हसलोच. एमकॉम, टॅली, एसएपी, अ‍ॅडव्हान्स एक्सेल, फ्लुएंट इंग्लिश, पाच वर्षं अनुभव, वय 28च्या आत, स्वतःची टू व्हीलर आणि पगार पंधरा हजार. बारा माणसांचा तुझा कारखाना, त्यात एसएपी, ते मोठ्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर, आहे कुठे? कुठल्यातरी मोठ्या कंपनीची जाहिरात बघून उचललंस ना? कबूल कर, रागावत नाही, कारण मी पण हेच केलंय.

2018 ची गोष्ट. मी जाहिरातीत लिहिलं, जीएसटीचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा. एका मुलीचा फोन आला, सर जीएसटी लागू झाला 1 जुलै 2017 ला, मग पाच वर्षं कुठून आणू? मला लाज वाटली पण तोऱ्यात फोन ठेवला. आणि घेतला कुणाला, तर जो छातीठोकपणे "हो सर, पाच वर्षं आहे" म्हणाला त्याला! त्या पठ्ठ्याने इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, एकाच बिलावर दोनदोनदा घेऊन ठेवलं, नंतर व्याजासकट मी भरलं. तेव्हा डोक्यात उजेड पडला की अशक्य अट टाकली की खरं बोलणारे आपणहून बाजूला होतात आणि थापाडे तेवढे रांगेत उरतात.

आता तू काय कर, जाहिरात राहू दे बाजूला, कॅलेंडर घे. 7 तारखेला टीडीएस (आपण कापून घेतलेला कर) भरायचा, 11 ला जीएसटीआर वन (विक्रीचं जीएसटी रिटर्न), 15 ला पीएफ-ईएसआय (कामगारांचा फंड आणि विमा), 20 ला थ्रीबी (जीएसटी भरायचं महिन्याचं रिटर्न). मधल्या दिवसांत बिलं, चलनं, माल गाडीने पाठवताना काढायचं ई-वे बिल, आणि पैसे थकवणाऱ्या पार्ट्यांना फोन, जे काम सगळ्यात जास्त वेळ खातं आणि जाहिरातीत कुणीच लिहीत नाही. एवढंच आहे रे काम. यात फ्लुएंट इंग्लिश कुठे लागतं? तुझ्या पार्ट्या चाकणच्या नि तळवड्याच्या, त्यांच्याशी मराठी-हिंदीत गोड बोलून पैसे काढता आले की झालं. बॅलन्स शीट तर तुझा सीए करतोच.

मग प्रत्येक अटीसमोर स्वतःला विचार, हे मी दोन-तीन महिन्यांत शिकवू शकतो का? ई-वे बिल शिकवता येतं, तुझ्या फॉरमॅटमधलं एक्सेल पण येतं. आकड्यांचा काटेकोरपणा मात्र शिकवून येत नाही, तो बघूनच घ्यावा लागतो. इंटरव्ह्यूला टॅलीवर बसव, दहा बिलं दे, त्यातलं एक मुद्दाम भोसरीतल्याच पार्टीचं दे पण आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या व्यवहारावरचा जीएसटी, लावलेलं. जो थांबून विचारेल, सर हा जीएसटी नंबर 27 ने, म्हणजे महाराष्ट्राच्या कोडने सुरू होतोय, माल पण इथेच उतरलाय, मग आयजीएसटी कसा, तो तुझा माणूस, मग तो एमकॉम असो नाहीतर नुसता बीकॉम.

वयाची अट तर काढूनच टाक. आमच्याकडे आत्ता ज्या ताई आहेत त्या मुलं मोठी झाल्यावर आठ वर्षांच्या गॅपनंतर आल्या, एकेचाळिसाव्या वर्षी. जुनं टॅली यायचं, नवं पंधरा दिवसांत उचललं. टू व्हीलर नाही त्यांच्याकडे, बँकेत आपला हेल्पर जातो, काही अडलं नाही.

आणि पगार. पंधरा हजारात पाच वर्षांचा माणूस येत नाही, आला तरी दिवाळीचा बोनस घेऊन जातो. एकतर पगार वाढव नाहीतर अनुभव एका वर्षावर आण. आकडा जाहिरातीत स्पष्ट लिही, "योग्य पगार दिला जाईल" असलं काही नको, लोकांना त्याचा अर्थ पाठ झालाय.

नवीन लिहिलंस की टाकण्याआधी मला पाठव. गुरुवारी आमची सुट्टी असते, घरीच आहे, चहाला ये आणि ते पाच ओळींच्या वर गेलेलं असेल तर पेन घेऊन ये.

तुझा काका