आरसी क्रॉलर चढावर मागे उलटते. लांब शॉक आणि मोठी मोटर लावावी का?

तुमची १/१० मापाची क्रॉलर, म्हणजे खडकांवर सावकाश चढणारी रिमोटची गाडी, उभ्या दगडावर चढताना मागच्या मागे उलटते, कधी एका अंगावर कलंडते, आणि त्यावर लांब शॉक, कडक स्प्रिंग व थ्री-एस (तीन सेलच्या) बॅटरीवर चालणारी ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली) मोटर असा उपाय दुकानदाराने सुचवला आहे. माझे मत आधीच सांगतो: यातली एकही वस्तू सध्या घेऊ नका. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशातला हा सल्ला आहे. गाडी ताकद कमी पडल्यामुळे उलटत नसून, वजन चुकीच्या जागी असल्यामुळे उलटते; त्यात ताकद वाढवली की ती अधिक जोरात उलटेल, एवढाच फरक पडेल.

एरवी अशा प्रश्नांना मी उत्तर देत नाही. परंतु हीच यादी, याच क्रमाने, आमच्या दादांच्या तोंडून मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. दादा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. त्यांचे गॅरेज आहे आणि टेम्पो-ट्रकचे पाटे बसवण्यात त्यांचा हात धरणारा माणूस आमच्या भागात सापडणार नाही. मी स्वतः सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काम करतो. म्हणजे गिअर आणि लेथ हे माझे रोजचे काम, तर सस्पेन्शन हे त्यांचे. त्यामुळे क्रॉलरचा विषय निघाला की "तुला खऱ्या गाडीचं काय कळतंय?" या वाक्यापाशी आमची चर्चा संपते.

अडचण अशी आहे की दादांचे खऱ्या गाडीचे ज्ञान शंभर टक्के खरे आहे आणि क्रॉलरला ते लागू पडत नाही. ट्रकचा पाटा भरलेल्या मालाच्या हिशेबाने ठरतो. रिकामा ट्रक ताठ उभा राहतो आणि माल भरल्यावर नीट बसतो. क्रॉलरच्या पाठीवर माल कधीच नसतो. तिच्या शॉकने करायचे काम एकच, खड्ड्यात गेलेले चाक खाली सोडणे. कडक स्प्रिंग ते काम करू देत नाही, उलट दगडावर चढलेल्या चाकाच्या बाजूने सगळी बॉडी वर ढकलते. रस्त्यावरच्या गाडीत स्प्रिंगखालचे वजन, म्हणजे चाके आणि अ‍ॅक्सल, जितके हलके तितके चांगले मानतात. क्रॉलरमध्ये नेमके तेच वजन वाढवायचे असते. हे वाक्य दादांपुढे पहिल्यांदा उच्चारले तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

तुळजापूर रस्त्याला हिप्परग्याच्या पुढे एक बंद पडलेली दगडखाण आहे. तिथे आमच्या दोघांच्या गाड्या समोरासमोर आल्या. दोन्ही गाड्या एकाच जातीच्या, ३१३ मिलिमीटर व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांत तेवढे अंतर असलेल्या. दादांनी त्यांच्या गाडीला लांब शॉक, दुसऱ्या गाडीच्या कडक स्प्रिंगा आणि मोठी ब्रशलेस मोटर लावली होती. दिसायला ती खरोखर देखणी होती. माझी गाडी तिच्या शेजारी बसकी, जणू पंक्चर झालेली वाटत होती. खाणीत आपल्याकडचा काळा बेसॉल्ट दोन प्रकारे भेटतो. एक ताजा फोडलेला, धारदार, पकड देणारा पण मऊ टायर कापणारा. आणि दुसरा वर्षानुवर्षे उघड्यावर पडून कांद्यासारखे पापुद्रे सुटलेला, ज्याच्या अंगावर मुरमाची भुकटी असते आणि जिथे कोणताही टायर घसरतो. आम्ही चढाई निवडली ती पहिल्या प्रकारच्या दगडाची, म्हणजे पकडीबद्दल तक्रारीला जागा नको.

दादांची गाडी पायरीला भिडली, मागची चाके दोन-तीनदा टणाटण उडाली, पुढचे उजवे चाक हवेत गेले आणि गाडी पाठीवर पडली. माझी गाडी कुरकुरत, थांबत, पण वर गेली. दादांनी निकाल दिला की तुझे टायर मऊ आहेत. हे म्हणणे अगदीच चूक नव्हते, टायरने पुष्कळ फरक पडतो. म्हणून मी माझी चारही चाके काढून त्यांच्या गाडीला लावली. चाक अडकवायचे षटकोनी हेक्स एकाच मापाचे होते, त्यामुळे अडले काहीच नाही. गाडी पुन्हा त्याच जागी, त्याच अंगावर पडली. मग मी मोबाइलवर मागच्या बाजूने संथ गतीचे चित्रण केले. त्यात स्पष्ट दिसत होते की थ्रॉटल दिल्यावर चाके फिरण्याआधीच बॉडी एका बाजूला पिळली जाते आणि पुढचे एक चाक हलके होते. त्यावर दादांचे म्हणणे पडले की मी मोबाइल तिरका धरला होता.

तुमची गाडी एका अंगावर कलंडते, तिचेही कारण बहुधा हेच पिळणे आहे. बहुतेक साध्या क्रॉलरमध्ये गिअरबॉक्समधून पुढच्या आणि मागच्या चाकांकडे जोर नेणारे दोन्ही प्रोपेलर शाफ्ट एकाच दिशेने फिरतात. शाफ्ट अ‍ॅक्सलला एका बाजूला पिळतो, तेव्हा त्याची उलट प्रतिक्रिया चॅसीवर येते, आणि दोन्ही शाफ्टची प्रतिक्रिया एकाच दिशेने असल्यामुळे ती एकमेकींत मिळते. पुढची चाके भिंतीला टेकवून हलका थ्रॉटल द्या. कोणता कोपरा उचलतो ते डोळ्यांना दिसेल. शॉक जितके लांब आणि गाडी जितकी उंच, तितका हा खेळ वाढतो. उपाय गिअरमध्ये आहे: वेग कमी करण्याचे काम शक्य तितके चाकाजवळ करावे. चाकाला तेवढाच जोर हवा असेल आणि क्राउन-पिनियनचे (अ‍ॅक्सलमधल्या मोठ्या-लहान गिअरच्या जोडीचे) गुणोत्तर ३.७५ ऐवजी ४.१२५ असेल, तर शाफ्टवरचा पीळ सुमारे ९ टक्क्यांनी उतरतो. ट्रॅक्सस कंपनीने २०१७ साली टीआरएक्स-४ या क्रॉलरमध्ये पोर्टल अ‍ॅक्सल दिले, त्यांचा एक फायदा हाच आहे: शेवटची घट चाकाच्या तोंडाशी होते, शाफ्टवर जोर कमी येतो आणि शिवाय अ‍ॅक्सलचा गोळा जमिनीपासून वर राहतो. ज्या गिअरबॉक्समध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट उलट दिशांनी फिरतात, तिथे पीळ बराचसा आपोआप कटतो.

मागच्या मागे उलटण्याचा हिशेब तर शाळेतल्या भूमितीचा आहे. मागच्या अ‍ॅक्सलपासून गुरुत्वमध्य किती पुढे आणि जमिनीपासून किती उंच, या दोन अंतरांच्या भागाकारावर उलटण्याचा कोन ठरतो. व्हीलबेस ३१३ मिलिमीटर, वजन पुढे-मागे निम्मे-निम्मे आणि गुरुत्वमध्य ११० मिलिमीटरवर असेल, तर गाडी उभ्या जागी साधारण ५५ अंशांवर उलटेल. लांब शॉक लावून हाच मध्य १५ मिलिमीटर वर नेला की कोन ५१ वर येतो. उलट ६० टक्के वजन पुढे आणले आणि मध्य ८५ मिलिमीटरवर उतरवला, तर तोच कोन ६५ च्या पुढे जातो. हे गणित दादांना वहीच्या पानावर काढून दाखवले होते. ते पान त्यांनी हात पुसायला वापरले.

मागची चाके उडतात त्याचे कारण लिंक, म्हणजे अ‍ॅक्सलला चॅसीशी जोडणारे दांडे. मागच्या अ‍ॅक्सलच्या वरच्या आणि खालच्या लिंक बाजूने पाहिल्यास पुढे कुठेतरी एकमेकींना छेदतात. छेदबिंदू जवळ आणि उंच असेल, तर थ्रॉटल दिल्यावर गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो, चाके दगडाला लाथा मारू लागतात आणि उभ्या चढावर हाच उसळता भाग गाडीला उलटे करतो. गाडी उंच केली की खालच्या लिंकचे चॅसीकडचे टोक वर जाते, लिंक तिरपी होते आणि हा दोष वाढतो. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून जॉइंट आवाज करू लागतात तो भाग वेगळाच. चॅसीवर वरच्या लिंकसाठी एकापेक्षा जास्त भोके असतील, तर वरचे भोक वापरून पाहा. दोन्ही लिंक समांतराच्या जवळ येतील आणि मागचा भाग शांत होईल. मात्र पूर्ण समांतर करू नका, नाहीतर गाडी मागे बसेल आणि पुढची चाके पुन्हा हलकी होतील. याला एक पैसाही लागत नाही, आणि लागत नाही म्हणूनच दुकानात हे कोणी सांगत नाही.

शॉकच्या बाबतीत, लांब नव्हे तर आहेत तेच शॉक, पण मऊ स्प्रिंग. गाडी जमिनीवर ठेवल्यावर स्वतःच्या वजनाने शॉकची निम्मी चाल दबलेली असावी, म्हणजे खड्डा आला की उरलेली निम्मी चाल चाकाला खाली जायला मोकळी राहते. काही जण बाहेरची स्प्रिंग पूर्ण काढून गाडी जवळजवळ शॉकच्या तळावर बसवतात. अवघड खडकासाठी मला ते पटते, रोजच्या फिरवण्याला नाही. शॉकमधले तेल ३० ते ४० वेटच्या आसपास पुरते; वेट म्हणजे तेलाचा दाटपणा. वेटचा आकडा कंपनीगणिक बदलतो, म्हणून बाटलीवर सीएसटी हे दाटपणाचे एकक लिहिले असेल तर तोच आकडा ताडून घ्या. आपल्याकडच्या मे महिन्यात तेल पातळ वागते, तेव्हा हिवाळ्यात जमवलेली गाडी उन्हाळ्यात लटपटली तर शॉक बिघडला असे समजू नका.

वजन पुढे आणि खाली आणण्यासाठी मी विकतचे काही घेतले नाही. कारखान्यातल्या भंगारातून पितळी बारचा तुकडा रीतसर वजन करून घेतला आणि लेथवर पुढच्या रिमच्या आत बसतील अशा कड्या काढल्या: बाहेरचा व्यास ४२, आतला ३४, रुंदी १५ मिलिमीटर. एका कडीचे वजन साधारण ६० ग्रॅम भरते. बाहेरचा व्यास शेवटी पाव-पाव मिलिमीटर उतरवत रिममध्ये घालून पाहावे लागते, कारण प्लॅस्टिकचे रिम क्वचितच पूर्ण गोल असतात. कडी हाताने दाबून बसली पाहिजे, हातोडीने नव्हे. तुमचे रिम आणि नकल (पुढचे चाक वळवणारा सांधा) वेगळे असतील, तेव्हा माझी मापे डोळे झाकून घेऊ नका, आधी व्हर्निअर लावा. मागच्या चाकांना कड्या घालू नका. त्याच हिशेबाने ५००० एमएएचची मोठी बॅटरी मागून काढून १५०० ते २२०० ची छोटी बॅटरी पुढच्या अ‍ॅक्सलच्या वर ठेवा.

आता गिअर. मोटर बदलण्याआधी पिनियन, म्हणजे मोटरवरचा छोटा गिअर, बदला. १४ दात्यांऐवजी ११ दात्यांचा पिनियन घातला की वेग सुमारे २१ टक्क्यांनी घटतो आणि चाकावरचा जोर २७ टक्क्यांनी वाढतो, तोही फार थोड्या खर्चात. पिच, म्हणजे दात्यांचे माप, मात्र पाहून घ्या. ३२ पिच म्हणजे मिलिमीटरच्या पद्धतीत जवळपास ०.८ मॉड्यूल, ते एकमेकांत चालून जाते. पण ४८ पिच म्हणजे ०.५३, आणि त्यात ०.५ मॉड्यूलचा पिनियन घातलात तर पिनियनशी जुळणाऱ्या मोठ्या स्पर गिअरचा भुगा होईल. दात्यांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर आवळा आणि पट्टी काढून घ्या, एवढा बॅकलॅश (दात्यांमधली ढिलाई) पुरतो. पिनियनच्या ग्रब स्क्रूला थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा. पुढचा अ‍ॅक्सल मागच्यापेक्षा थोडा जलद फिरवणे, ज्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात, हा खरा गुणकारी बदल आहे: मागे ३०/८ आणि पुढे २७/८ क्राउन-पिनियन असेल तर पुढची चाके सुमारे ११ टक्के जलद फिरतात आणि गाडीला चढावर ओढून धरतात. दादांच्या मते याने गिअर खाल्ले जातात. सपाट डांबरावर तासन्‌तास पळवली तर खरेच खाल्ले जातील. पण डांबरावर पळवायला क्रॉलर घ्यायची कशाला, हे त्यांनी मला आजवर सांगितलेले नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. पुढे पितळ वाढवले की स्टिअरिंग सर्व्होवर (चाके वळवणाऱ्या छोट्या मोटरवर) ताण येतो. प्लॅस्टिक गिअरचा मूळ सर्व्हो टिकणार नाही, तेव्हा २० किलो जोराच्या वरचा धातूच्या गिअरचा सर्व्हो धरूनच हिशेब करा. तो सर्व्हो दगडात अडकल्यावर रिसीव्हर क्षणभर बंद पडत असेल, तर दोष रिमोटचा नसून ईएससीमधल्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमधल्या) बीईसीचा, म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होला वीज पुरवणाऱ्या भागाचा, आहे. वेगळा बीईसी लावा. मी सांगितलेले सगळे खडकासाठी आहे. वाळूत किंवा चिखलात चाकाला वेग लागतो, तिथे दादांची गाडी माझ्यापेक्षा बरी चालते, आणि हे मी त्यांना प्रत्यक्ष सांगितलेले नाही. पावसाळ्यानंतर बंद खाणीत खोल पाणी साठलेले असते, तिथे लहान मुलांना घेऊन जाऊ नका.

मोटरचे उत्तर अर्धेच देतो. मूळची ३५ टर्नची (तारेच्या वेढ्यांची) ब्रश मोटर असेल तर ४५ किंवा ५५ टर्नची घ्या, ती सावकाश पण हुकमी चालते. ईएससीत ड्रॅग ब्रेक पूर्ण ठेवा, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर गाडी चढावर जागच्या जागी थांबेल. ब्रशलेस घ्यायचीच असेल तर सेन्सर असलेली आणि कमी केव्हीची (दर व्होल्टला कमी फेरे घेणारी) घ्या. पण त्याआधी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, पुढची दोन चाके काट्यावर आणि मागची दोन तेवढ्याच उंचीच्या वह्यांवर ठेवा, मग उलट करा. पुढचा आकडा एकूण वजनाच्या ५५ टक्क्यांच्या आत असेल, तर मोटरची चर्चा करण्यात अर्थ नाही. दोन्ही आकडे आणि क्राउन-पिनियनचे दाते कळवा, मग पुढचे बघू.