चाळीस पानांच्या पुढं गाडी जाईना

प्रश्न : ताई नमस्कार, मी सोलापुरात पूर्व भागात एका चादरीच्या कारखान्यात हिशोब बघतो. बी.कॉम. झालोय, सायन्स दहावीलाच सुटलं, पण आवड आहे हो, ग्रहण असलं की मी गच्चीवर. मुलानं स्टीफन हॉकिंग या शास्त्रज्ञाचं विश्वावरचं आणि काळावरचं ते फेमस पुस्तक, 'अ ब्रीफ हिस्ट्री ऑफ टाइम', आणून दिलं, तीनदा सुरू केलं आणि तीनदा चाळीसेक पानांवर गाडी बंद. आता ते टीव्हीशेजारी ठेवलंय, पाहुण्यांना दिसतं तरी. डोकं माझं कमी पडतंय का पुस्तकच तसलं आहे? आणि मग वाचू काय?

उत्तर : दादा, डोकं ठणठणीत आहे तुमचं. १९८८ साली हे पुस्तक आलं तेव्हा हॉकिंगला कुणीतरी सांगितलं होतं की एकेक समीकरण घातलंस की खप निम्मा होईल, म्हणून त्यानं आइन्स्टाइनचं ते E=mc² एवढं एकच ठेवलं, तरी लोक अडकतातच. २०१४ मध्ये जॉर्डन एलनबर्ग नावाच्या गणितज्ञानं, किंडलवर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावर, वाचक कुठल्या पानापर्यंतच्या ओळींवर खुणा करतात ते बघून कुठलं पुस्तक किती वाचलं जातं याचा गमतीत अंदाज काढला, आणि त्या मापाला नावच दिलं हॉकिंग इंडेक्स! त्यात या पुस्तकाला ६.६ टक्के. तुमची चाळीस पानं म्हणजे त्याच्या दुपटीच्या पुढं की.

माझं मत विचाराल तर सुरुवातच विश्वापासून करू नये, तिथं हाताला काही लागत नाही. तुमच्या कारखान्यातच बघा ना, जकार्डवर, म्हणजे नक्षी विणायच्या मागावर, ती भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं माळेसारखी फिरत असतात, भोक असलं की सुई आत जाते आणि ताण्याचा तो उभा धागा उचलला जातो, भोक नसलं की धागा खालीच, आणि असं ओळीमागून ओळ करत चादरीवर मोर उमटतो. ही युक्ती १८०४ ची, फ्रान्सची. पुढं चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानं गणित करणाऱ्या यंत्रासाठी हीच कार्डं घेतली आणि १८९० ला अमेरिकेची जनगणनाही भोकाच्या कार्डांवर मोजली गेली. म्हणजे कॉम्प्युटरचा आजोबा रोज तुमच्या कानाशी खडखडतोय, त्यामुळं कॉम्प्युटरच्या इतिहासावरचं पुस्तक तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल.

दुसरं, मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाची मेणबत्तीवरची व्याख्यानं मिळाली तर सोडू नका. हा लोहाराचा पोरगा, चौदाव्या वर्षी बुकबाइंडरकडं कामाला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचत शिकला. १८६० च्या नाताळात लहान मुलांसमोर नुसत्या एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली त्यानं. लाइट गेली की करून बघा, मेणबत्ती फुंकून विझवा, पांढरा धूर वर येईल, त्या धुराला पेटती काडी लावा, वातीला नाही हां, वातीच्या दोन बोटं वर, ज्योत धुरावरून उडी मारून खाली वातीवर येते. जळत असते ती मेणाची वाफ! मी पहिल्यांदा केलं तेव्हा अर्धी काडेपेटी संपवली.

मराठीत अच्युत गोडबोलेंचं 'किमयागार' घ्या, आपल्या सोलापूरचेच ते, शास्त्रज्ञांच्या गोष्टी आहेत, कुठूनही उघडा. जाड आहे पण घाबरू नका. गच्चीवरच्या हौसेसाठी नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते'. विकत घ्यायच्या आधी हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारा. आणि एखादा परिच्छेद नाही कळला तर सरळ पुढं जा, परीक्षा थोडीच आहे.

हॉकिंग राहू द्या टीव्हीशेजारी.

प्रश्न : ताई, मुलगी पाचवीत आहे, सायन्सची पुस्तकं आणली की चित्रं बघून ठेवून देते. काय करू?

उत्तर : अहो, चित्रं बघते ना, मग झालं की. अरविंद गुप्तांच्या साइटवर मराठीतली ढीगभर पुस्तकं फुकट आहेत, त्यातलं टाकाऊतून खेळणी करायचं एखादं काढून द्या, सोबत काडेपेटी, स्ट्रॉ, सायकलची जुनी ट्यूब. एक-दोन रविवार घरात पसारा होईल, तेवढा चालवून घ्या.